मुसाच्या गढीचं गिऱ्हाईक

घर विकायला निघालं की दलालाचं पहिलं काम एकच. गिऱ्हाईक यायच्या आधी मालकाला घराबाहेर काढायचं. मालक समोर असला की सौदा मोडतो. तो एकतर घराचं कौतुक करत सुटतो नाहीतर डोळ्याला उपरणं लावतो, आणि दोन्ही बघून गिऱ्हाईक बिचकतं. म्हणून मी मालकांना कुठंतरी पाठवून देत असे. पोखर्णीच्या नृसिंहाला माझ्यामुळं बरेच नारळ मिळाले असतील. एका घराच्या बाबतीत मात्र मला हे कधी जमलं नाही. त्या घरची बाई हलायला तयार नसे, आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याआधी पुढं होऊन साप कुठून निघतात ते दाखवी.

परभणीत मी हयातभर हाच धंदा केला. दलाल हा शब्द आमच्याकडं चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांनी तर लग्नपत्रिकेवर ‘जमीनजुमल्याचे जाणकार’ असं छापून घेतलं होतं. पण काम वाईट नव्हतं. निजामाच्या अमलात सगळे दस्त उर्दूत, आणि विकणारा-घेणारा दोघंही बहुतेक मराठी. आपण कशाखाली अंगठा उमटवतोय हे त्यांना समजावून सांगणं हा माझ्या धंद्याचा मोठा भाग होता. बाकी काम पायांचं आणि कानांचं. हद्द चालून बघायची. विहिरीत वाटा कुणाचा, गाडीवाट कुणाच्या वावरातून जाते, कोणता चुलतभाऊ ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी हरकत घेऊन उभा राहील, हे आधीच हेरून ठेवायचं. घेणारा माती बघतो, भिंती बघतो. आम्ही माणसं बघायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. सेलूचा एक सावकार घर बघायला यायचा तो आधी दुपारी तिथं ताणून द्यायचा. झोप चांगली लागली तर घर चांगलं, हा त्याचा हिशेब. एकजण फक्त शेजाऱ्यांची नावं विचारी आणि नावं ऐकूनच परत जाई. अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण संपादकांनी या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आठवली ती मुसाची गढी. तिच्यात गंमत थोडी आहे.

गंगाखेडच्या वरल्या अंगाला गंगेच्या काठी एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिथं अजून त्या माणसांना ओळखणारे लोक आहेत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्या वाडीच्या पुढं, नदीच्या उंच काठावर, दोन गोल बुरूज असलेलं एक घर होतं. बुरुजांवर टोकदार छपरं, उलटं नरसाळं ठेवावं तशी. उंच उंच खिडक्या, समोर दगडी पायऱ्यांचा पसरट उतार, आणि छपरावर धुराड्यांची रांग. परभणी जिल्ह्यात धुराड्यांचं घर दुसरं मी पाहिलं नाही. घराभोवती आमराई, एक तळं, घोड्यांचा रिकामा तबेला, आणि नदीच्या अंगाला दगडी कठड्याच्या आत घरच्या माणसांच्या कबरी.

जुन्या काळी निजामाच्या फौजेत काही फ्रेंच लोक होते. त्यातल्या एकानं तोफा ओतायच्या कामात नाव मिळवलं आणि त्याला ही जमीन इनाम मिळाली. फ्रेंच माणसाला आमच्याकडं तेव्हा ‘मुसा’ म्हणत, त्यांच्या भाषेतल्या ‘साहेब’ या अर्थाच्या शब्दावरून. तो मुसा परत गेलाच नाही. त्यानं इथलीच बायको केली, त्याच्या मुलांनी इथल्याच केल्या, आणि माझ्या वेळेपर्यंत त्या घराण्यात उरले ते दोघे. जानसाहेब आणि त्यांची धाकटी बहीण क्लाराबाई. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. साठीच्या घरातली माणसं. डोळे तेवढे घारे. एरवी रंग आपल्यासारखाच, आणि बोलणं तर निव्वळ गंगाखेडचं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी जानसाहेब माझ्याकडं आले. अंगात गळ्यापर्यंत बंद कोट, डोक्याला रुमाल, हातात काठी. ओसरीवर बसले आणि पाणी पिऊन म्हणाले की गढी विकायची आहे, आतल्या बागेसकट, तळ्यासकट, पण बोभाटा नको. कारण मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. शेतजमीन सगळी इनामी. त्यांच्यामागं पुरुष वारस नाही, म्हणजे ते गेले की ती सरकारजमा. खाजगी अशी फक्त गढी आणि तिचा परिसर. ते आधी गेले तर बहिणीच्या हातात एवढं अवाढव्य घर राहील आणि खायला काही राहणार नाही. जालन्याला त्यांच्या धर्माच्या एकट्या बायकांना सांभाळणारं एक घर होतं. तिथं तिची कायमची सोय करायची, आणि त्यासाठी आपल्या हयातीत गढी विकायची. एवढं बोलून ते उठले. जाताना म्हणाले, “रंगनाथराव, तिला हे पटलेलं न्हाई. तेवढं सांभाळून घ्या.”

ते सांभाळणं किती अवघड आहे हे पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी कळलं. सेलूचे एक जिनिंगवाले शेटजी होते. पैसा भरपूर, आणि गंगेच्या काठी मोठं घर हवं ही आईची इच्छा. मी त्यांना रेल्वेनं गंगाखेडला नेलं, पुढं छकड्यानं आमराईच्या बाजूनं आणलं. घर नेहमी सावलीच्या बाजूनं दाखवावं. शेटजी खूश झाले. पायऱ्या चढले, नदी पाहिली, देवघर कुठं करावं हे मनाशी ठरवायलाही लागले. तेवढ्यात क्लाराबाई आतून आल्या. पायघोळ झगा, पांढरे केस मानेवर बांधलेले, हातात लसूण सोलायची परडी. त्यांनी शेटजींना बसा म्हटलं, ताक दिलं, आणि मग शांतपणे सांगू लागल्या. पावसाळ्यात बुरुजात साप निघतात. पश्चिमेच्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात. आणि त्या कठड्याच्या आत त्यांचे आईवडील, आजोबा-आजी, पणजोबा सगळे पुरलेले आहेत.

घराच्या हद्दीत कबरी म्हटल्यावर शेटजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. परतीच्या छकड्यात त्यांनी मला पुढच्या गाडीची वेळ तेवढी विचारली.

पुढच्या खेपेला मी क्लाराबाईंना समजावलं. भाऊ त्यांच्यासाठीच हे करतोय, गिऱ्हाइकाला निदान साप तरी सांगू नयेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमी चांगलं सांगा. आमी खरं सांगतो. मग ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं.” खरं तर घराचं वैगुण्य दलालानं स्वतःच सांगावं हा माझाही नेम होता. फक्त मी ते सौदा पिकल्यावर सांगत असे, त्या आधीच सांगत.

त्यानंतर हैदराबादेहून एका मोठ्या घरचा तरुण आला. त्याला शिकारीसाठी जागा हवी होती. आला तो आठवडाभर राहिलाच. रोज सकाळी तळ्यावर बदकं मारायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी जानसाहेबांना पॅरिसच्या गोष्टी सांगायच्या. तो तिकडं शिकायला राहून आला होता. जानसाहेब एखाद्या विद्यार्थ्यासारखे ऐकत बसत. घरातल्या कोंबड्या त्या आठवड्यात संपल्या. घरकाम करणाऱ्या वाडीतल्या सुभद्रामायनं मला मागच्या दारी गाठून विचारलं की हा पाव्हणा घर घेणार आहे की घरातलं खाऊन जाणार आहे. तो तसाच गेला. जाताना क्लाराबाईंचा हात हातात घेऊन म्हणाला की अशी घरं त्यानं फ्रान्समध्येही फार पाहिली नाहीत. मग पुन्हा त्याची खबर आली नाही.

तो गेला त्या दिवशी दुपारी मी परतीच्या छकड्याची वाट बघत पायऱ्यांवर बसलो होतो. क्लाराबाई शेजारच्या दगडावर येऊन बसल्या. मला त्या घरातली एक गोष्ट कधी उलगडली नव्हती, ती मी विचारली. बाहेरून ही गढी विलायती. आत पाऊल टाकलं की मात्र मधे चौक, चारी बाजूंनी सोपे, कडीपाटाचं छत, परसात आड. गंगाखेडातल्या कुठल्याही बऱ्या घरासारखं. आणि धुराडी एवढी, पण त्यांच्याखाली चूल एकही नाही. असं का?

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, “आमचा मुसा तिकडला जहागीरदार न्हवता बगा. तिकडल्या जहागीरदाराच्या सईसाचं, घोडेवाल्याचं पोरगं. त्या जहागीरदाराची गढी त्यानं तिकडं होता तवर बाहेरूनच बघितली. आत कुणी घेतलंच न्हाई त्याला. मग हितं बांधायला निघाला, तर बाहेरचं सगळं याद होतं. आतलं कुटून आणावं? ते आमच्या पणजीनं सांगितलं, तिच्या माहेरासारखं.”

मी दोन-दोनशे वर्षांचे कागद पाहिले आहेत. कुणी कुणाला काय बक्षीस दिलं, कुणी काय लाटलं, सगळं त्यात असतं. पण एखादं घर का बांधलं गेलं, हे मला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी ती गढी दुसऱ्या घरांसारखी दाखवू शकलो नाही. गिऱ्हाईक धुराड्यांबद्दल विचारी तेव्हा मी शोभेची आहेत म्हणून वेळ मारून नेई.

युद्ध सुरू झालं. लोखंड महागलं, कपडा मिळेना, मोठ्या घरांना गिऱ्हाईक राहिलं नाही. दोन-अडीच वर्षं अशीच गेली. मग नरहर मास्तर आले.

हे सेलूकडचे निवृत्त हेडमास्तर. उंच, किडकिडीत, कायम घाईत. त्यांना मुलांसाठी मराठी शाळा काढायची होती, आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं राहून शिकतील असं वसतिगृह. काही बड्या शेतकऱ्यांनी पैशाचा शब्द दिला होता. मी त्यांना गढीवर नेलं. क्लाराबाईंनी नेहमीप्रमाणे साप सांगितले. मास्तर म्हणाले, खेड्यातल्या पोरांना सापाचं काय. बाईंनी कबरी सांगितल्या. मास्तर कठड्यापाशी गेले, टोपी काढून क्षणभर उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले की ही जागा तशीच राहील, तिच्याभोवती मुलांकडून फुलझाडं लावून घेऊ. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं की तुम्ही दोघांनी घर सोडायचं कारण नाही. दक्षिणेचा बुरूज तुमचा. बाईंनी जमलं तर मुलांच्या जेवणाखाण्यावर देखरेख ठेवावी.

क्लाराबाई त्यांना जेवायला थांबा म्हणाल्या, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः होऊन जेवायला थांबवलं नव्हतं.

त्या काळी आमच्या मुलखात खाजगी शाळा काढायची तर वरून इजाजत लागे, आणि मराठी शाळेला ती सहजी मिळत नसे. मास्तरांनी अर्ज केला. स्वतः हैदराबादच्या खेपा सुरू केल्या. ती सबंध वर्षभराची मुदत त्या घराला फार चांगली गेली. मी जाई तेव्हा काहीतरी बदललेलं दिसे. चौकाला नवा चुना. वरच्या लांब खोलीत ओळीनं चटया. क्लाराबाईंनी जुने पडदे फाडून मुलांच्या गाद्यांच्या खोळी शिवायला घेतल्या होत्या. सुभद्रामाय सांगे की बाई आता मोठमोठ्या पातेल्यांना कल्हई करून घेताहेत. जानसाहेबांनी तर मुलांना उर्दू आपण शिकवू असं ठरवून टाकलं होतं. एकदा क्लाराबाईंनी मला वरच्या खोलीच्या खिडकीपाशी नेलं. समोर गंगेचं पात्र, पलीकडं वावरं. त्या म्हणाल्या की या खोलीत कधीच कुणी पोर झोपलेलं त्यांना आठवत नाही. त्या आणि भाऊ लहानपणी खाली आईपाशी झोपत. वरच्या खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, आणि पाहुणे येत नसत.

इजाजत आली नाही. नकारही धड आला नाही. एकदा अर्ज सापडेना, एकदा तो नव्यानं करायला सांगितला, मग नुसतंच बघू म्हणाले. शेवटी शब्द दिलेले शेतकरीही मागं सरले. मास्तर हे सांगायला स्वतः गढीवर आले, मी सोबत होतो. जानसाहेबांनी ऐकून घेतलं. क्लाराबाई मास्तरांना म्हणाल्या, “तुमी काय करणार? तुमी लय केलं.” आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. मास्तर पायऱ्या सावकाश, एकेक करून उतरले. त्यानंतर त्या माणसाची घाई गेली ती कायमची.

त्या दिवसापासून बाईंनी गिऱ्हाइकांना साप सांगायचं सोडून दिलं. कुणी आलं तरी त्या आतच असत.

शेवटचं गिऱ्हाईक व्यंकटय्या. हा तेलंगणातला ठेकेदार. युद्धामुळं लोखंडी गज, पत्रे, सागवानाला सोन्याचा भाव आलेला, आणि जुनी मोठी घरं विकत घेऊन पाडायची, मालमसाला विकायचा, हा त्यानं धंदाच केला होता. हे त्यानं लपवलं नाही. पहिल्याच दिवशी जानसाहेबांना म्हणाला की मी खोटं बोलत नाही, हे घर मी राहायला घेत नाही. जमीन मला नको, नुसतं घर द्या. तो बोटाच्या पेरानं भिंती वाजवत, तुळया मोजत फिरत होता आणि जानसाहेब त्याच्यामागून हिंडत होते. मी जानसाहेबांना बाजूला घेतलं आणि थोडं थांबा म्हणालो. त्यांनी मान हलवली. युद्ध संपलं की हाही येणार नाही, आणि स्वतःचा श्वास त्यांना आता पायऱ्या चढताना पुरत नव्हता. त्यांनी बयाना घेतला. रजिस्ट्री पावसाळ्यानंतर करायची ठरली. क्लाराबाईंची जालन्याची सोयही पक्की झाली.

भाद्रपदात बाईंना हिवताप आला. तेव्हा युद्धामुळं क्विनिन मिळत नव्हतं. मी परभणीत ओळखीच्या डॉक्टरांकडून थोडं मिळवून पाठवलं, त्यानं एकदा उतार पडला, मग पुन्हा चढला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाली चौकालगतच्या सोप्यात पडून होत्या. मला म्हणाल्या की जालन्याला गंगा नाही. मी म्हणालो, तिथं चांगली व्यवस्था आहे. त्या म्हणाल्या, “व्यवस्था हाय. गंगा न्हाई.” दसऱ्याच्या आधीच त्या गेल्या. जालन्याहून एक पाद्री येऊन पोचले, त्यांनी रीतीप्रमाणं सगळं केलं. कठड्याच्या आत, आईच्या शेजारी.

आता विकायचं कारणच उरलं नव्हतं. मी परभणीला परतलो आणि कुणाला न सांगता व्यंकटय्याला गाठायला त्याच्या गावी, निजामाबादला गेलो. दलालानं झालेला सौदा मोडायला जाणं ही आमच्या धंद्यात न होणारी गोष्ट. त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं भांडेल. तो म्हणाला की मी तिकडं मालाचा शब्द देऊन बसलोय, माझं नुकसान आहे. पण साहेब नको म्हणत असतील तर बयाना परत घेईन, भांडणार नाही. घरात माणूस गेलंय.

मी आनंदानं गढीवर गेलो. जानसाहेब पायऱ्यांवर बसले होते. त्यांना म्हणालो की सौदा सुटतोय, घर तुमचं राहील. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “कामून? कशासाठी?” मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “तिच्यासाठी विकायचं होतं. ती गेली. आता ठेवायचं कुणासाठी? ह्या खोल्यांतून मी एकटा हिंडू म्हणता का?”

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. ते म्हणाले की त्यांना कुणी घराबाहेर काढत नाहीये, ते स्वतःच निघाले आहेत, आणि यात फरक आहे. मी व्यंकटय्याला तसा निरोप धाडला.

आलेल्या पैशाचं त्यांनी काय करायचं ठरवलं होतं ते मला आधी माहीत नव्हतं. वाडी बसली होती ती सगळी त्यांच्या इनामात. ते गेले की वाडीची माणसं उद्या कुणाच्या दारात उभी राहतील याचा भरवसा नव्हता. गढीची खाजगी जमीन होती, आमराईच्या पलीकडची, ती त्यांनी वाडीतल्या घरांना तुकडे पाडून दिली, नव्यानं झोपड्या उभ्या करायला पैसा दिला, आणि प्रत्येकाच्या नावे पक्का कागद करायला मला बसवलं. सुभद्रामायनं अंगठा उमटवायच्या आधी मला तो कागद दोनदा वाचायला लावला. हे दस्त मी बिनदलालीचे केले. यात मोठेपणा काही नाही. त्या वेळी दलाली मागायला तोंडच उघडलं नसतं.

घर पाडायला सुरुवात झाली तेव्हा जानसाहेब हट्टानं तिथंच होते. व्यंकटय्यानं त्यांना परोपरीनं सांगितलं की साहेब, तुम्ही इथं थांबू नका. ते आंब्याखाली खुर्ची टाकून बसत. आधी छपराचे पत्रे उतरले, मग तुळया. धुराडी फोडली तेव्हा आतून पारव्यांचा थवा उठला आणि किती तरी वेळ त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिला. कामकरी वर बघून हसले. जानसाहेबही बघत होते. दिवस मावळायच्या सुमारास मी त्यांच्याजवळ गेलो आणि माझ्या घरी चला म्हणालो. कुठं जायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांना मी परभणीला घेऊन आलो खरा, पण वाटेत पोखर्णी मागं पडली तशी मी घरी काय सांगायचं ते मनाशी जुळवू लागलो. आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. बायकोला मी काही विचारलेलं नव्हतं. यमुनेनं दारात त्यांना पाहिलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि बाहेरची खोली झाडून दिली. पहिले काही महिने त्यांचं ताट-भांडं वेगळं होतं. ते स्वतःच धुऊन पालथं घालून ठेवत. मग एकदा ती तापानं पडली तेव्हा जानसाहेबांनी चुलीवर खिचडी टाकली, अगदी क्लाराबाई करत तशी, लसणाची फोडणी देऊन. तिनं ती खाल्ली. त्यानंतर वेगळं ताट कधी आणि कुठं गेलं ते मला माहीत नाही.

ते तीनेक वर्षं आमच्याकडं राहिले. कुणाला कसली तोशीस नाही. सकाळी फिरून येत, उर्दू अखबार वाचत, माझे कठीण दस्त तपासून देत. गढीचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त उन्हाळ्यात दुपारी अंगणात येऊन उभे राहत आणि तोंड दक्षिणेकडं करत. यमुना म्हणे, ते वाऱ्याची वाट बघताहेत. गढीवर त्या वेळेला नदीचा वारा येत असे.

एका हिवाळ्यात ते दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत.

मी जालन्याला माणूस पाठवला, पण ते दिवस निजामी अमलाच्या अखेरच्या गडबडीचे होते. रस्ते, रेल्वे, कशाचाच भरवसा नव्हता. पाद्री येऊ शकले नाहीत. वाट बघणं शक्य नव्हतं. मी आणि दोन ओळखीच्या माणसांनी त्यांना गंगाखेडला नेलं, तिथून छकड्यानं पुढं. वाडीला निरोप आधीच पोचला होता. सगळी वाडी, बायकामुलांसकट, रस्त्यावर उभी होती. तिथून त्यांनी छकडा सोडायला लावला आणि खांद्यावर घेतलं.

गढीच्या जागी आता ज्वारी उभी होती. चांगली डोक्याएवढी. तिच्यातून पायवाटेनं आम्ही नदीकडच्या कठड्यापाशी गेलो. खड्डा खणताना डोकं कुणीकडं करायचं असा प्रश्न आला. कुणालाच माहीत नव्हतं. सुभद्रामाय पुढं झाली. म्हणाली, बाईचं डोकं जिकडं, तिकडंच यांचं. तसं केलं.

माती लोटली आणि सगळे नुसते उभे राहिले. आमच्यापैकी कुणालाच त्यांची प्रार्थना येत नव्हती. आपलं काही म्हणावं तर ते त्यांना चालेल का, हा संकोच. गंगेचा आवाज तेवढा येत होता. सुभद्रामाय माझ्याकडं वळून म्हणाली, “तुमी लिवणारं माणूस. कायतरी म्हणा. असं मुकं सोडू नका त्यायला.”

मी डोळे मिटले. संध्येतलं काही आठवेना, अभंग आठवेना. हयातभर मी एकच गोष्ट मोठ्यानं वाचत आलो होतो. दस्तात शेवटी जागेच्या चारी बाजू लिहितात, म्हणजे ती जागा नेमकी कुठली हे कुणालाही कळावं आणि कुणी ती हिरावून घेऊ नये. तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. उत्तरेस गंगा. पश्चिमेस आमराई. दक्षिणेस वाडीचा रस्ता. पूर्वेस बहीण.

लोकांनी हात जोडले. सुभद्रामायनं पदरानं तोंड पुसलं आणि कबरीवरचं एक ढेकूळ हातानं फोडून सारखं केलं.

“झालं,” ती म्हणाली. “आता कळंल सायबाला, कुटं हाईत ते.”